रोम, विज्ञानपट आणि दोनशे तेवीस दात

विज्ञानपट म्हटला की अवकाशयाने, यंत्रमानव आणि दूरचे भविष्य डोळ्यांसमोर येते. पण या भविष्याची मांडणी करताना चित्रपटकार वारंवार भूतकाळाकडे, आणि त्यातही प्राचीन रोमकडे वळतात. १९७७ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार वॉर्स' मालिकेत सिनेट आहे, आणि प्रजासत्ताक मोडून तेथे साम्राज्य उभे राहते. 'द हंगर गेम्स' (२०१२) या चित्रपटातील देशाचे नाव 'पॅनेम' हे लॅटिन भाषेतील भाकरीच्या शब्दावरून आले आहे. फुकट धान्य आणि खेळ देऊन लोकांना गप्प बसवण्याच्या रोमन रीतीवर कवी जुव्हेनलने जी टीका केली, तिचा तो संदर्भ. 'स्टार ट्रेक' या दूरदर्शन मालिकेच्या १९६८ मधील एका भागात तर रोमन साम्राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकलेला एक ग्रहच दाखवला आहे.

हे आकर्षण समजण्यासारखे आहे. सत्ता, अभियांत्रिकी, वैभव आणि ऱ्हास हे सारे एकाच इतिहासात सापडते. परंतु इतिहास आणि विज्ञान दोन्ही वापरणाऱ्या चित्रपटाला दोन हिशेब द्यावे लागतात. त्याने विज्ञानाशी किती प्रामाणिक व्यवहार केला, हा पहिला. आणि इतिहासाशी किती, हा दुसरा. अलीकडच्या दोन चित्रपटांना या कसोटीवर लावून पाहू. आपले विद्यार्थी हे चित्रपट मोबाइलवरही पाहतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न विचारतात, म्हणून शिक्षकाने हा हिशेब तयार ठेवलेला बरा.

आर्किमिडीजची तबकडी

पहिला चित्रपट जेम्स मँगोल्ड दिग्दर्शित 'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी' (२०२३). कथा मुख्यतः १९६९ सालात घडते. पुरातत्त्वाचे वृद्ध प्राध्यापक इंडियाना जोन्स आणि नाझी शास्त्रज्ञ फोलर हे दोघे आर्किमिडीजने बनवलेल्या एका यंत्राच्या मागे आहेत. या यंत्राला चित्रपटात 'अँटिकिथेरा' म्हटले आहे. काळाच्या पडद्याला कोठे आणि केव्हा फट पडेल हे ते सांगते, अशी कल्पना आहे. फोलरला १९३९ मध्ये जाऊन हिटलरला दूर करायचे आहे आणि युद्ध आपण जिंकायचे आहे. प्रत्यक्षात विमान जाऊन पोहोचते ते सिसिली बेटावरील सिराक्यूज शहराला रोमन सैन्याने घातलेल्या वेढ्यात, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात.

यातील यंत्राला खरा आधार आहे. १९०० साली ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. जहाज इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातले. पुढील वर्षी वर काढलेल्या वस्तूंमध्ये गंजलेल्या काशाचा एक गोळा होता. १९०२ मध्ये त्यात दातेरी चाक असल्याचे लक्षात आले. आज त्याचे ८२ तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत आणि त्यांत ३० दातेरी चाके ओळखता आली आहेत. २००५ मध्ये या तुकड्यांचे क्ष-किरणांनी त्रिमिती चित्रण झाले, आणि आतली जुळणी व कोरलेली अक्षरे बरीचशी वाचता आली.

यंत्र काय करत होते? एका बाजूची मूठ फिरवली की सूर्य-चंद्रांची राशिचक्रातील स्थाने, चंद्राच्या कला आणि ग्रहणांची शक्यता तबकड्यांवर दिसत असे. यातले दोन आकडे वर्गात सांगण्याजोगे आहेत. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्रमास बसतात. आपल्या पंचांगातील अधिक महिन्याचा हिशेबही हाच आहे : १९ वर्षांचे १२ प्रमाणे २२८ महिने आणि त्यात सुमारे ७ अधिक मास, म्हणजे २३५. दुसरा आकडा २२३. एका ग्रहणानंतर २२३ चांद्रमासांनी, म्हणजे साधारण १८ वर्षे ११ दिवस ८ तासांनी, तशाच प्रकारचे ग्रहण पुन्हा येते. हे चक्र बॅबिलोनच्या निरीक्षकांनी पिढ्यान्पिढ्या नोंदी ठेवून ओळखले होते. यंत्रातील एका मोठ्या चाकाला २२३ दात आहेत, असे संशोधक मानतात.

दोनशे तेवीस दात कसे पाडायचे?

येथे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण परिसरातील शिक्षकांना एक सोय आहे. आपल्या वर्गातील अनेक मुलांचे आई-वडील, काका, मोठे भाऊ गिअर, शाफ्ट आणि बेअरिंगच्या व्यवसायात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला विचारा, की मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून २२३ दात कसे पाडाल? डिव्हायडिंग हेडच्या हँडलचे ४० फेरे झाले की कामाचा एक फेरा होतो. म्हणजे प्रत्येक दातासाठी हँडल ४०/२२३ फेरा फिरवायला हवे. २२३ ही मूळ संख्या आहे, तिला दुसऱ्या कशाने भाग जात नाही. म्हणून साध्या पद्धतीने हे करायचे तर २२३ छिद्रांची इंडेक्स प्लेट लागेल, आणि नेहमीच्या प्लेटच्या संचात ती नसते. मग डिफरन्शियल इंडेक्सिंगची युक्ती करावी लागते. आजच्या सी.एन.सी. यंत्राला हे काम क्षणाचे आहे, पण आय.टी.आय.मध्ये हाताने शिकलेल्या कारागिराला या प्रश्नाची गंमत लगेच कळेल.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराकडे ना डिव्हायडिंग हेड होते, ना हॉबिंग मशीन. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या काशाच्या पत्र्यावर त्याने वर्तुळाचे भाग पाडले आणि त्रिकोणी दात कापले. आजच्या गिअरचा दात वक्र असतो, म्हणून गती एकसारखी राहते आणि ताकद पुढे नेता येते. त्रिकोणी दात तसे चालत नाहीत, थोडे अडखळतात. पण हाताने मूठ फिरवून काटा दाखवायचा असेल तर ते पुरतात. चंद्र पृथ्वीजवळ असताना जलद आणि दूर असताना सावकाश चालतो, हेसुद्धा या कारागिराने दाखवले. एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत बसवली आणि दोघांचे आस किंचित बाजूला ठेवले, की दुसऱ्या चाकाची गती आपोआप कमीजास्त होते.

हे सगळे पाहिल्यावर चित्रपटाविषयीची मुख्य तक्रार स्पष्ट होते. हे यंत्र निसर्गातील नियमितता दाते मोजून पकडते, हे त्याचे खरे नवल आहे. चित्रपटाने नेमके तेच काढून घेतले आणि त्या जागी काळाची फट बसवली. यंत्राच्या आत काय आहे, दात किती, कशासाठी, याची एक मिनिटभरही चौकशी पडद्यावर होत नाही. तबकडीचे दोन अर्धे भाग जोडले की ती चालू लागते, एवढेच प्रेक्षकाला कळते. शिवाय सारे श्रेय एका थोर माणसाला दिले जाते. आर्किमिडीजने ग्रहगती दाखवणारा गोल बनवला होता आणि सेनापती मार्सेलसने तो रोमला नेला, असे सिसेरो लिहितो, त्यामुळे नाव अगदीच निराधार नाही. पण अँटिकिथेराच्या यंत्रामागे बॅबिलोनच्या नोंदी आहेत, ग्रीक भूमिती आहे आणि कानस चालवणारे हात आहेत. ज्या मुलाचे वडील टूलरूममध्ये मायक्रॉनचा हिशेब सांभाळतात, त्याला हे चित्र वेगळे वाटायला हवे. विज्ञान म्हणजे एखाद्या अलौकिक पुरुषाला झालेला साक्षात्कार, असे त्याने मानले, तर घरातल्या कौशल्याचा विज्ञानाशी संबंध आहे हे त्याला कधीच दिसणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, त्यांच्याकडे विमाने होती, कालयंत्रे होती, असे म्हणण्याची हौस जगात सगळीकडे आहे आणि आपल्याकडेही ती कमी नाही. अशा दाव्यांनी पूर्वजांचा गौरव होतो असे वाटते. प्रत्यक्षात त्यांनी जे खरोखर केले ते त्यामुळे झाकले जाते. २२३ दातांचे चाक कापणाऱ्याला कालप्रवासाचे श्रेय देणे म्हणजे त्याचे खरे काम न पाहणे होय.

खंड किती सरकले?

चित्रपटातील एका जागी विज्ञानाचा थेट उल्लेख येतो. आर्किमिडीजला खंडांचे सरकणे माहीत नव्हते, म्हणून त्याच्या यंत्राने दिलेली जागा आता चुकणार, असे जोन्स बजावतो. कल्पना चांगली आहे. वेगेनरने खंडवहनाचा सिद्धान्त १९१२ मध्ये मांडला, पण त्याला भक्कम आधार मिळाला तो १९६० च्या दशकात. तेव्हा १९६९ मधल्या प्राध्यापकाच्या तोंडी हे वाक्य शोभते.

आता हिशेब करू. इसवी सनापूर्वी २१२ ते इसवी सन १९६९ यांत किती वर्षे? शून्य वर्ष नसते, म्हणून २१२ + १९६९ – १ = २१८०. भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. उदारपणे ५ सेंटिमीटर धरले, तरी २१८० वर्षांत सरकणे होते १०९ मीटर. ताशी ३०० किलोमीटर वेगाने उडणारे विमान एवढे अंतर सव्वा सेकंदात कापते. तेवढ्याने फोलरचा बेत फसण्याचे कारण नाही.

खरी अडचण याहून कितीतरी मोठी आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर वेगाने. २१८० वर्षांत सूर्यमालाच सुमारे १.७ प्रकाशवर्षे पुढे गेली. मग 'तीच जागा' म्हणजे कोणती? पृथ्वीच्या संदर्भात, सूर्याच्या, की आकाशगंगेच्या? सापेक्षतेचा पहिला धडा येथून सुरू करता येतो. चित्रपटाने किरकोळ दुरुस्ती मोठी करून सांगितली आणि मोठा प्रश्न तसाच सोडला.

काळाचे दोन हिशेब

कालप्रवासाच्या तर्कात मात्र हा चित्रपट बऱ्यापैकी काटेकोर आहे, हे सांगितले पाहिजे. आर्किमिडीजच्या थडग्यात सांगाड्याच्या मनगटावर आधुनिक घड्याळ सापडते, आणि कोरलेल्या पक्ष्याला विमानाचे पंखे दिसतात. पुढे विमान सिराक्यूजला पोहोचते, फोलर मरतो आणि त्याचे घड्याळ आर्किमिडीजच्या हाती पडते. म्हणजे भूतकाळात जे घडायचे ते आधीच घडून गेलेले होते. कोणी काही बदलू शकत नाही. इतिहास बदलण्याची फोलरची योजना अशा विश्वात मुळातच अशक्य ठरते.

याउलट मांडणी मराठी वाचकाला परिचित आहे. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन येतात, जेथे मराठे पानिपतची लढाई हरलेले नाहीत. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात अंगाला चाटून गेली, एवढाच फरक. पुढचा सर्व इतिहास त्या एका फरकातून उलगडतो. कथेच्या शेवटी पुंजभौतिकीतील अनिश्चितता आणि आपत्ती सिद्धान्त यांच्या आधारे स्पष्टीकरण येते, आणि गंगाधरपंतांच्या खिशात त्या जगातल्या ग्रंथाचे फाटलेले पान पुरावा म्हणून उरते. या कथेचे इंग्रजी रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातही आले.

दोन्ही कृतींची तुलना बोधप्रद आहे. नारळीकरांनी वाचकाकडून एकच कल्पित गोष्ट उधार घेतली आणि बाकीचे व्याजासकट फेडले. गंगाधरपंत ग्रंथालयात जाऊन नेमके कोठे वळण आले ते शोधतात. इतिहासकाराची पद्धत आणि शास्त्रज्ञाची पद्धत या कथेत हातात हात घालून चालतात. जोन्सही प्राध्यापक आहे, पण पुरावा वाचण्यापेक्षा त्याचा वेळ पाठलागात जास्त जातो. मनोरंजनपटाकडून ग्रंथालयाची अपेक्षा करू नये हे मान्य, तरीही २१८० वर्षे मागे गेलेल्या पुरातत्त्वज्ञाने आर्किमिडीजला यंत्राबद्दल एखादा प्रश्न विचारायला हवा होता, असे वाटत राहते.

मेगॅलॉन आणि रोमन काँक्रीट

दुसरा चित्रपट फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा 'मेगालोपोलिस' (२०२४). न्यूयॉर्क येथे 'न्यू रोम' झाले आहे. इसवी सनापूर्वी ६३ मध्ये रोममध्ये झालेल्या कॅटिलिनाच्या कटातील नावे पात्रांना दिली आहेत. वास्तुविशारद सीझर कॅटिलिना नव्या शहराचे स्वप्न पाहतो, आणि महापौर सिसेरो त्याला विरोध करतो. सीझरने 'मेगॅलॉन' नावाचा अद्भुत पदार्थ शोधला आहे आणि तो काळही थांबवू शकतो. शहर कोणासाठी आणि कोणाच्या घरांवर उभे राहते, हा प्रश्न चित्रपट उपस्थित करतो. बघता बघता वाढलेल्या आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकाला तो जवळचा वाटेल. पण उत्तराची वेळ आली की मेगॅलॉन पुढे येते, आणि हा पदार्थ काय आहे, भार कसा पेलतो, हे काहीच कळत नाही.

रोमजवळ खरा अद्भुत पदार्थ होता : काँक्रीट. चुना आणि पोत्सुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणातून तो बनत असे. रोममधील पँथिऑनचा घुमट सुमारे ४३ मीटर व्यासाचा आहे, त्यात लोखंडी सळई नाही, आणि तो सुमारे १९०० वर्षे उभा आहे. २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांच्या गटाने असे दाखवले, की या काँक्रीटमधील चुन्याचे पांढरे कण भेगेत पाणी शिरल्यावर विरघळतात आणि पुन्हा घट्ट होऊन भेग बुजवतात. आपल्याकडे बांधकामावर येणाऱ्या पुष्कळ सिमेंटच्या पोत्यांवर 'पोर्टलँड पॉझोलाना' असे छापलेले असते. त्यातला 'पॉझोलाना' हा शब्द त्याच गावावरून आला आहे, आणि त्या सिमेंटमध्ये ज्वालामुखीच्या राखेऐवजी बहुधा औष्णिक वीजकेंद्रातील राख असते. चाकणच्या रस्त्याकडेला पडलेल्या रिकाम्या पोत्यात मेगॅलॉनपेक्षा अधिक विज्ञान आहे. येथेही तीच खोड दिसते : हाताशी असलेले खरे नवल सोडून मनाने रचलेला चमत्कार घ्यायचा.

ही खोड जुनी आहे. १९१४ मधील 'काबिरिया' या इटालियन मूकपटात आर्किमिडीज आरशांनी रोमन जहाजे पेटवतो. वेढ्याचे वर्णन करणारे पॉलिबियस, लिव्ही आणि प्लुटार्क या आरशांचा उल्लेख करत नाहीत; ते तरफा आणि दगडफेकीची यंत्रे यांविषयी लिहितात. २००५ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांनी १२७ आरसे वापरून सुमारे ३० मीटरवरील लाकडी नमुना पेटवून दाखवला. पण आकाश निरभ्र आणि नमुना जागचा न हलणारा होता. हलत्या जहाजावर ही युक्ती चालणे अवघड. शक्यता तपासणे आणि घटना सिद्ध होणे यांतला फरक शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

आपल्या दारातले रोम

रोमचा विषय आपल्याला परका आहे असे मात्र नाही. पुण्याजवळच्या कार्ले लेण्यातील खांबांवर यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. चाकणवरून जाणारा नाशिक रस्ता पुढे ज्या जुन्नर परिसरातून जातो, तेथून नाणेघाट उतरून मालाचे तांडे कोकणातील बंदरांकडे जात. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठण, तेर आणि कल्याण यांची नावे आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती तेथील संग्रहालयात पाहता येते. भारतातील मालापायी रोमचे दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार प्लिनीने केली होती. मोसमी वाऱ्यांचे गणित ओळखून समुद्र ओलांडणारे नावाडी ही विज्ञानकथेसाठी केवढी सामग्री आहे!

वेढ्याची गोष्ट हवी असेल तर चाकणचा भुईकोट आहेच. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध फिरंगोजी नरसाळा यांनी तो सुमारे दोन महिने झुंजवला, आणि शेवटी सुरुंगाने बुरूज उडाल्यावर तो पडला. खंदक, माती, दारू आणि पाऊस यांचे भौतिकशास्त्र त्या वेढ्यात भरलेले आहे.

शिक्षकांसाठी सूचना एवढीच, की हे चित्रपट मुलांना पाहू द्यावेत आणि नंतर तीन प्रश्न विचारावेत. यात कल्पित गोष्ट कोणती आणि ती एकच आहे का? दाखवलेल्या आकड्यांचा हिशेब जुळतो का? आणि जे काम खरोखर कोणीतरी हाताने केले, त्याचे श्रेय पडद्यावर कोणाला मिळाले? त्यानंतर पुठ्ठ्यावर एक वर्तुळ काढून त्याचे २२३ समान भाग करायला सांगावेत. सोबत कंपास, कोनमापक आणि पट्टी द्यावी. अर्ध्या तासाने मुले आपणहून घरी विचारायला जातील, आणि त्या संध्याकाळी पहिल्या पाळीवरून परतलेले एखादे वडील मुलाला गिअर कसा कापतात ते समजावून सांगतील.